नाताळच्या सुट्टीत कोकणात गेल्यावर मुलांना टीव्हीपासून दूर कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की नाताळच्या आठवड्यात दोन्ही मुलांना घेऊन अलिबागजवळ आजोळी जाताय, आणि दरवर्षी तिथेही पोरं टीव्हीसमोरून हलत नाहीत. मी चौल-रेवदंड्याकडचा. आमच्याकडेही सुट्टीत भाचरं येतात, त्यामुळे प्रश्न ओळखीचा आहे.

माझं स्पष्ट मत सांगतो. रिमोट लपवून काही साधत नाही. मोठी माणसं आपापल्या कामात आणि पोरांच्या हाताला काही नाही, मग ती टीव्ही लावणारच. त्यांना एखादं खरं काम सोपवा, जे त्यांनी केलं नाही तर सगळ्यांचंच अडेल.

पहिल्याच दिवशी भरती-ओहोटीचा हिशोब त्यांच्याकडे द्या. आपल्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे रात्री तीनला आणि पुन्हा दुपारी तीनच्या पुढेमागे भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तो किती होतो हेच मुलांना बघू द्या. कालनिर्णयात तिथी बघायची, वेळ काढायची, किनाऱ्यावर जाऊन ओल्या वाळूत काठी रोवायची आणि पाणी कधी वळतं ते बघायचं. चौथीतलं पोरही हे करतं, आणि उत्तर समुद्राकडून मिळाल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग त्याच हिशोबावर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची फेरी ठरवा. पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला किल्ला चारही बाजूंनी पाण्यात. कधी निघायचं आणि कधी परतायचं हे मुलांनी सांगायचं. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून खात्री तुम्ही करायची, यात हयगय नको. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते फारसं ओसरत नाही, तेव्हा त्या दिवसांत चालत जायचा बेत नको. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर आहे. खारं पाणी सगळीकडे असताना हे गोडं कुठून आलं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. लगेच उत्तर देऊ नका, डोकं लढवू द्या.

संध्याकाळी पोपटी लावा, म्हणजे मडक्यात पाला घालून शेंगा-बटाटे जाळावर भाजा. इतकी घरं सुट्टीत रायगडात येतात आणि हॉटेलातलं जेवून परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. भात कापून झाला की बांधाबांधावर भांबुर्डा नावाचं रानझुडूप उगवतं. त्याचा पाला खुडून आणायचं काम मुलांचं. पाल्याला उग्र वास येतो, हातांनाही तो बराच वेळ राहतो. जुन्या मडक्याच्या तळाशी पाला दाबायचा, वर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, हवी तर अंडी किंवा मसाला लावलेलं चिकन, मध्येमध्ये जाडं मीठ आणि ओवा. पाणी एक थेंबही नाही. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवायचं. जाळ लावायचं काम मोठ्यांचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्रकन आवाज आला की झालं. तोवर सगळे जाळाभोवती बसलेले असतात, आजोबा जुन्या गोष्टी काढतात, आणि टीव्हीची आठवण कुणालाच येत नाही. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. त्याच्या पोटातल्या बाणाच्या रेषेत खाली बघितलं की व्याधाचा तारा सापडतो. तेवढं दाखवायला दुर्बीण लागत नाही.

आणि नाताळ आहे तर नाताळ बघाच. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगिजांच्या वेळेपासूनची ख्रिस्ती वस्ती, घरात अजूनही पोर्तुगीजमधून आलेली बोली आणि बाहेर आपल्यासारखीच मराठी. घराघरांत येशूजन्माचे गोठे केलेले असतात. ओळख काढून जा, परक्या घरात नुसते फोटो काढायला जाऊ नका. आमच्या ओळखीच्या एका घरी कुलकुल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थ करायला पोरांना मुद्दाम बोलावतात, कारण ते एकट्या बाईचं कामच नव्हे: मैद्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की शंखासारखी रेघारेघांची वळी तयार. अशा परातभर वळायच्या, मग तळण. सात वर्षांच्या मुलालाही ते येतं, आणि स्वतः वळलेलं कुलकुल ते ताटात बरोब्बर ओळखतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. या सगळ्यात तुमचा फोनही घरी राहिला पाहिजे. मुलं पाला खुडतायत आणि आईबाप बांधावर उभे राहून स्क्रीन बघतायत, तर दुसऱ्या दिवशी ती येणार नाहीत.

निघण्याआधी आजीला फोन करून दोन गोष्टी विचारून ठेवा: घरात जुनं मडकं आहे का, आणि यंदा भांबुर्डा कुठल्या बांधावर आलाय. शेंगा बाजारातही मिळतील, पाला ताजा खुडलेलाच हवा.