ट्रम्पेटचा सराव मेट्रोनोमवर (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांपासूनच सुरू करून रोज ५ ने वाढवावा का?

रोज ५ ने वाढवायला ते काय पिग्मीचं खातं आहे? पितळी वाद्यात संथ म्हणजे सोपं असं नसतं. १६ मात्रांचा तुकडा ६० ला १६ सेकंद चालतो, १२० ला ८. बोटांना आराम मिळतो, पण छाती रिकामी होते आणि शेवटचे सूर आपण माउथपीस ओठांवर दाबून काढतो.

आमच्या बँडचे मास्तर क्लॅरिनेटवाले, म्हणजे ओठांऐवजी रीडच्या (पातळ पट्टीच्या) कंपनाने सूर काढणारे. लग्नाचा सीझन तोंडावर आला की तालमीत सगळ्यांना एकच लय. खुर्चीच्या पाठीवर काठी टकटक करत राहायची आणि लिप स्लरसुद्धा (जीभ न लावता नुसत्या ओठांनी सूर बदलणं) त्याच संथ लयीत, परत परत, मध्ये विसावा नाही. आम्ही ट्रम्पेटवाले ओठ चोळत बसायचो. एकदा मी म्हटलंच, "मास्तर, तुमची रीड गेली की तुम्ही दुसरी लावता. आम्ही ओठ कुठून आणायचे?" तर म्हणाले, तुला रियाजाचा कंटाळा आहे. त्याच संध्याकाळी वरातीत वरचा जी सूर फाटला आणि सगळ्यांसमोर बोलणी मीच खाल्ली.

कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क यांच्या १९१२ च्या टेक्निकल स्टडीज (सरावाचे तुकडे) काढा. त्या बारीक आवाजात, एका दमात वाजवायच्या आहेत. म्हणजे लय दमच ठरवतो. पूर्ण तुकडा एका श्वासात बसेल तिथे काटा ठेवा, मग खाली-वर करा. एका मात्रेत चार सूर धरले तर बहुतेकांचं सिंगल टंगिंग (प्रत्येक सुराला जिभेने 'तु') १२० च्या आसपास अडतं. म्हणून डबल टंगिंग (आलटून पालटून 'तु-कु') १०० लाही स्वच्छ यायला हवं, नाहीतर मधली लय कशानेच वाजत नाही. नुसता 'कु' मात्र ६० वर घासा, तिथे मास्तर बरोबर होते. आणि लय कितीही संथ असली तरी व्हॉल्व्ह झटक्यातच दाबायचा, विशेषतः तिसरा.

अगदी नवशिके असाल, सूरच ठरत नसेल, तर हे सगळं सोडा आणि संथच वाजवा, पण तुकडे छोटे घ्या. जेवढं वाजवलं तेवढा वेळ ओठ मोकळे ठेवा. तालमीत क्लॅरिनेटवाला लय देत असेल तर ही सूट आधीच मागून घ्या. आमच्याकडे ती कधीच मिळाली नाही. "बाकीचे वाजवतायत ना?" म्हणायचे. बाकीचे म्हणजे तीन क्लॅरिनेट आणि एक सॅक्सोफोन.