नव्या पाळकांना: मंडळीत सुवार्ता केंद्रस्थानी ठेवताना

प्रिय बंधू, जबाबदारी नवी असताना मन दडपून जाणे स्वाभाविक आहे. परंतु आरंभी तीनच गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

१. उपदेश कोणत्याही शास्त्रभागावर असो, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला (१ करिंथ १५:३-४), ही सुवार्ता ऐकल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये. दावीद आणि गल्याथ यांच्या वृत्तांतातून ‘धैर्य धरा’ एवढेच सांगून थांबणे, ही नवख्या उपदेशकाची नेहमीची चूक आहे. थकूनभागून आलेल्या माणसावर त्यामुळे आणखी एक ओझे चढते.

२. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पंचांबरोबर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या सभासदांबरोबर, बसून वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष बोल लावला, कारण तो प्रश्न शिष्टाचाराचा नसून सुवार्तेच्या सत्याचा होता. आपल्याकडे जुनी जात लग्नाच्या बोलणीत, पंचांच्या निवडणुकीत, एवढेच नव्हे तर प्रीतिभोजनाच्या पंगतीतही डोकावते, म्हणून हा अध्याय मला सर्वांत निकडीचा वाटतो. जेवणाच्या वेळी कोण कोणाशेजारी बसतो ते स्वतः पाहा, आणि ज्याच्या शेजारची जागा रिकामी राहते, त्याच्याजवळ आपले ताट घेऊन बसा.

३. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करून भाकर व प्याला घेण्याचा विधी, घाईने उरकू नका.

इमारत निधी आणि नाताळचा कार्यक्रम ही कामे चांगलीच आहेत, मात्र पंचांची सभा त्यांतच संपत असेल, तर प्रार्थना व वचन आधी घ्या. सिद्धांतांतील बारकावे आणि मंडळीची घटना यांविषयी पुढे सवडीने बोलू.