गावाकडची मुलगी हवी, पण चंदगडची नको?

प्रश्न : मी चंदगड तालुक्यातली. कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सिनेमात काम करायचंय. मध्यंतरी एका वेबसिरीजच्या ऑडिशनला गेले होते. ‘गावाकडची रांगडी मुलगी’ हवी होती. मी घरच्या बोलीत संवाद म्हटले, तर ‘हे कोल्हापुरी वाटत नाही’ म्हणाले आणि कामवालीची भूमिका देऊ केली. माझा रंग सावळा आहे, तेही कारण असावं. सिनेमात आता खऱ्या माणसांना संधी मिळते म्हणतात, ते खरं आहे का? बाबा बी.एड. कर म्हणून मागे लागलेत.

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग चीड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरीला कोल्हापुरी येत नाही म्हणे! तुमच्या चंदगडी बोलीत कोकणी आणि कानडी मिसळलेली, कागल-शिरोळकडचं बोलणं आणखी वेगळं. पडद्यावर मात्र सगळा जिल्हा तांबडा रस्सा, ‘नाद खुळा’ आणि दर दोन वाक्यांमागे एक शिवी एवढ्यात उरकतात. इथल्या कितीतरी बायका सहज ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, हे लिहिणाऱ्याच्या कानावरच पडलेलं नसतं. मागे गुऱ्हाळ दाखवलं की झालं गाव.

संधीचं म्हणशील तर मिळते. पण कशी मिळते ते नीट बघ. नागराज मंजुळे करमाळ्याजवळच्या जेऊरचे. अहमदनगरला शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘फँड्री’ आला. मग 2016 च्या ‘सैराट’साठी त्यांनी अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू निवडली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. लिहिणारा आणि निवडणारा आधी आत पोचला, म्हणून अकलूजच्या मुलीला दार उघडं मिळालं. तू ऑडिशनला जातेस तोवर नायिका गोरी आणि कामवाली सावळी हे कागदावर ठरून गेलेलं असतं. समोर बसलेला कास्टिंगवाला फक्त रकाने भरत असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत : अभिनयाची हौस सोडू नकोस, पण शिक्षण घ्यायचं ते लेखन-दिग्दर्शनाचं किंवा ध्वनीचं घे. बाहेरचं वारंही तिकडेच आहे. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी 2024 च्या सोहळ्यापासून समावेशकतेचे निकष लागू झाले. त्यात पडद्यावरच्या चेहऱ्यांबरोबर पडद्यामागची माणसं आणि नवशिक्यांना दिलेलं प्रशिक्षणही मोजतात. तो नियम आपल्या निर्मात्यांना लागू नाही, ठीक आहे. पण केरळ सरकारचं चित्रपट विकास महामंडळ महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना सिनेमासाठी दीड कोटीपर्यंत पैसे देतं. दिग्दर्शकांना, बरं का.

पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेला, पदवी लागते, त्यामुळे बी.ए. अर्धवट सोडायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. दिग्दर्शन, संकलन, छायाचित्रण, ध्वनी हे तिथले तीन वर्षांचे अभ्यासक्रम. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. केंद्र सरकारची संस्था असल्याने आरक्षण आहे, लागू असेल तर कागदपत्रं आताच काढायला टाक. आणि हो, ती संस्था उभी आहे प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर. प्रभात 1929 ला आपल्या कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. त्याही आधी, 1925 ला, दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ या सिनेमात कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला होता. देवादिकांच्या सिनेमांची चलती होती त्या काळात! असो, कोल्हापूरचा अभिमान आवरता घेतो.

ध्वनीचं मी मुद्दाम म्हणतोय. सिंक साऊंडमध्ये सेटवर बोललेलाच आवाज अंतिम सिनेमात जातो. बोलीतला हेल ओळखणारा कान तिथे लागतो आणि तो तुला घरबसल्या मिळालाय.

तोवर हातातल्या मोबाईलवर सात-आठ मिनिटांचा लघुपट कर. विषयासाठी लांब जायला नको. तुमच्याकडे काजू आहे. टरफलाच्या चिकाने बोटं काळी पडलेल्या बायका तू लहानपणापासून बघत असशील. त्या काम करताना काय बोलतात ते आधी फक्त ऐक, कॅमेरा नंतर काढ. कोल्हापुरात शाहू स्मारकात फिल्म सोसायटीचे सिनेमे लागतात, तिथे जाऊन बसत जा. प्रवेश परीक्षेच्या मुलाखतीत ते बघणं कामाला येतं.

भाषेसाठी मदतनीस म्हणून बोलावणं आलं तर जरूर जा. मात्र आपल्याकडे हे काम ‘आपलीच पोरगी आहे’ म्हणून चहा-वड्यावर भागवायची खोड आहे. दिवसाचे पैसे किती आणि श्रेयनामावलीत नाव येणार का, हे आधी लेखी घे. व्हॉट्सॲपवर घेतलंस तरी चालेल.

बाबांशी भांडू नकोस. शेवटच्या वर्षाला एफटीआयआयचा फॉर्म भर, सोबत बी.एड.ची सीईटीही दे. शिक्षकी हाताशी असलेली मुलगी पडेल ती भूमिका घ्यायला बांधील नसते, हे त्यांनाही पटेल.

आता ती कामवालीची भूमिका. तिच्या प्रसंगांची पानं मागून घे. तिला नाव असेल, तिच्यामुळे कथेत काही घडत असेल, तर कर. कामवाली असण्यात कमीपणा नाही. नुसता ट्रे आणून ठेवायचा असेल, तर परीक्षा जवळ आल्याचं सांगून मोकळी हो.