पहाटेचा वेळ आणि घरची माणसं

अगं, नोकरी, मुलं, सासूबाई आणि त्यात आदिलशाही काळातली प्रेमकथा, कसं जमवायचं विचारलंस. जमतं. पण घरच्यांपासून चोरून लिहू नकोस. मी पहिली दोन वर्षं तसं केलं, आणि धाकटा तापाने फणफणला असताना त्याच्यावर ओरडले, ते अजून सलतं.

एकच वेळ पकड आणि घरात सांगून टाक. माझी पहाटे साडेचार ते सहा. पाण्याच्या पाळीला मात्र वही बंद, आधी पाणी भरायचं.

संशोधनात घरच्यांना ओढ. अहमदनगरच्या निजामशहाची लेक चांदबीबी, तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदणात गेला. पुढे १५६५ ला विजयनगरविरुद्ध तालिकोटची लढाई. हे मी मुलांना भुईकोटातच नेऊन सांगितलं. सहल झाली, प्रकरणही सुचलं.

त्यात नायिकेच्या ताटात मी शेंगाचटणी वाढली होती. सासूबाई उखळात शेंगदाणे कुटत ऐकत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "तेव्हा शेंगा होत्या का गं?" शोधलं, तर भुईमूग आणि मिरची दोन्ही मुळात अमेरिका खंडातली. मग ताटात जवसाची चटणी आली, तिखटाला मिरी. तेव्हापासून प्रत्येक प्रकरण आधी त्यांनाच वाचून दाखवते.

शृंगाराची पानं तेवढी नवऱ्याला दे, आणि छापायच्या आधी दे.

आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, घर पाहुण्यांनी भरतं. त्या महिन्याची तारीख प्रकाशकाला देऊच नकोस.