किनाऱ्याकडे पाठ फिरवून

प्रश्न: मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन शाळकरी मुलांना घेऊन गोव्यात येतोय. किनारे सगळेच बघतात. गोव्यातली माणसं पोटासाठी काय करतात, ते मुलांना दाखवता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: दाखवता येईल, आणि दिवसही तुम्ही नेमके निवडलेत. पाऊस लागला की यातलं बरंचसं मिटतं.

माझं माहेर डिचोलीचं, म्हणजे खाणींच्या पट्ट्यातलं, म्हणून सुरुवात तिकडूनच करा. लहानपणी आमच्या तुळशीवर रोज लोहखनिजाची लाल धूळ बसायची. दारावरून ट्रक, पुढे धक्क्यावर बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, मांडवीतून मुरगाव बंदर. 2012 साली खाणी थांबल्या आणि ट्रक घेण्यासाठी काढलेली कर्जं घराघरात तशीच राहिली. आता खाणींचे लिलाव होऊन काम पुन्हा धरू लागलंय. गोवा पर्यटनावर जगतो म्हणणाऱ्यांनी डिचोली-सत्तरीत दोन दिवस काढावेत.

सत्तरीत काजूची भट्टी गाठा. बागेच्या मालकाला आधी विचारा, बहुतेक जण हौसेनं दाखवतात. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पडलेली वेचतात. बी पिरगळून काढायची, बोंडं चिरडून रस गाळायचा, तो दोन-तीन दिवस आंबू द्यायचा आणि मग भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेची ती हुर्राक. तिच्यात ताजा आंबलेला रस घालून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण फेणी इथलीच. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना दारूच्या भट्टीवर काय न्यायचं, असं आजीआजोबा म्हणतील. रसायनशास्त्राचा तास आहे, म्हणून सांगा. चव मोठ्यांनी घ्यावी.

मग नार्वे. तिथल्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडीला जा, बेट ओलांडा आणि दुसऱ्या फेरीनं जुन्या गोव्यात उतरा. पाडलेलं देऊळ, उभं देऊळ आणि बॉम जेझूची बासिलिका, असा सगळा इतिहास दोन फेऱ्यांत होतो. पुलावरून गाडी पळवलीत तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

मिठासाठी पेडण्यातलं आगरवाडा. भरतीचं खारं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, आत घेतात आणि उथळ वाफ्यांत उन्हावर आटवतात. मे महिन्यात आगरातली माणसं सारखी आभाळाकडे बघत असतात, एक अवकाळी सर आली की तयार मीठ पाणी होतं. कष्ट इतके आणि भाव इतका कमी की नवी पोरं या कामात येत नाहीत. मीठ विकत घ्या, आणि कृपा करून घासाघीस करू नका.

पणजीसमोरची मालीम जेटी शेवटच्या दिवशी पहाटे ठेवा. ट्रॉलर मासळी उतरवतात, टोपल्यांवरून आरडाओरडा चालतो, बर्फाचे ट्रक मागे घेताना कुणी कुणाचं ऐकत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा हे दिसणार नाही. रबरी चपला घाला आणि धाकट्याचा हात सोडू नका, जमीन निसरडी असते.

दूधसागर मुलांनी मागितलाच, तर पावसाळ्यानंतर पुन्हा या. मेमध्ये धबधब्याला धार नसते.