दस्त्यावरचा रंग काढायचाय? आधी सँडर बाजूला ठेवा

प्रश्न असा आहे : जुन्या बंदुकीच्या अक्रोडाच्या दस्त्यावर कुणीतरी काळा ऑइलपेंट फासलाय, तो सँडरने, म्हणजे पॉलिश पेपर लावलेल्या मशीनने, घासून काढला आणि वर वॉर्निश मारलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘सँडर’ वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या वडिलांच्या बंदुकीचा दस्ता असाच हिरव्या ऑइलपेंटने माखला होता. रंग काढायचं ठरलं तर दाजी सँडर घेऊनच हजर. थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांचा हात कोण धरणार? उजवी बाजू बघता बघता लखलखीत झाली. मग दस्ता जोडून बोट फिरवलं, तर मागच्या लोखंडी पट्टीची कड बोटाला कापते की काय असं वाटलं. लाकूड आणि लोखंड मुळात एका पातळीत बसवलेलं असतं. लाकूड जरा जरी उतरलं तरी लोखंड वर येतं. मानेवरची जाळीदार नक्षी, जी पकडीसाठी कोरतात, ती बोथट. कडा तर वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल.

डावी बाजू मी केली. पेंट रिमूव्हरचा जाड थर दिला आणि वाळू नये म्हणून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. रंगाला सुरकुत्या पडल्या, फुगे आले, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडल्यावर पापुद्रेच्या पापुद्रे निघाले. खाली तांबूस अक्रोड, त्यात काळसर रेषा. नक्षीत अडकलेला रंग जुन्या टूथब्रशने काढला. हट्टी जागी परत एक हात. शेवटी रिमूव्हर पुसून घ्यायचा, पाण्याने की टर्पेंटाइनने ते डब्यावर लिहिलेलं असतं.

लाकूड दबलेलं होतं तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दाजींच्या बाजूलाही असाच खड्डा होता, तो त्यांनी ‘काढला’. म्हणजे खड्डा तिथेच, भोवतीचं लाकूड उतरवलं. वर मला विचारतात, एवढा वेळ कशाला घालवलास? आता दोन्ही बाजू शेजारीशेजारी आहेत, कुणीही हात लावून बघावं.

पॉलिश पेपरशी माझं वैर नाही. रंग निघाल्यावर लाकूड ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू 320 नंबरने हातानेच, रेषांच्या दिशेने हलके मारा. लोखंडाला भिडणाऱ्या कडा आणि नक्षी सोडून.

वॉर्निशचं म्हणाल तर मला ती काचेसारखी चकाकी बघवत नाही, आणि टवका उडाला की सगळं पुन्हा करा. बॉइल्ड जवसाचं तेल घ्या. कच्चं नको, ते लवकर सुकतच नाही. तळहाताने पातळ चोळा, थोड्या वेळाने जास्तीचं पुसा, पूर्ण सुकल्यावर पुढचा हात. मागच्या पट्टीखालच्या उघड्या टोकालाही तेल द्या, पाणी तिथूनच शिरतं. बंदूक सतत पावसात जाणार असेल तर मात्र पॉलियुरेथेन जास्त तग धरेल, हेही खरं.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं : बंदूक रिकामी आहे ना ते स्वतः बघा आणि दस्ता पूर्ण सुटा करा. रिमूव्हर मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच वापरा; मिथिलीन क्लोराइडवाला असेल तर बंद खोलीत जिवावर बेतू शकतं. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात जाणं वाईट, म्हणजे इथेही सँडर नकोच. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून कडक वाळू द्या. आणि दस्त्यावर जुने सैनिकी ठसे दिसले तर हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा. संग्राहक त्या ठशांचेच पैसे देतात.