हार्ड डिस्कची तुकडेजोड किती दिवसांनी करावी?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझे डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानातल्या संगणकाला आठ वर्षे झाली असून त्यात १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका यांच्या फायली रोज तयार होतात, बदलतात, पुसल्या जातात. वर्षभरात संगणक इतका मंदावला आहे की मोठी फाईल उघडेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत उभे राहते. संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ दर आठवड्याला डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फायलींच्या तुकड्यांची जोड, करा म्हणतात. दुसरे म्हणतात, त्याने डिस्क झिजते, अजिबात करू नका. नेमके किती दिवसांनी करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण सल्ला देण्याआधी आपल्या संगणकावर डीफ्रॅग शेवटचे केव्हा झाले, हे दोघांनीही पाहिलेले दिसत नाही. उत्तर त्या तारखेवर अवलंबून आहे.

आपल्याकडे जमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली आला, त्यामागचे दुखणे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पाच एकर एका जागी असले तर औत एकदा जुंपले की दिवसभर चालते. तेच पाच एकर चार शिवारांत विखुरलेले असले तर निम्मा दिवस बैल एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर नेण्यातच जातो. हार्ड डिस्कचे असेच होते. विंडोज डिस्कवरची जागा साधारणपणे ४ केबीच्या छोट्या कप्प्यांत वापरते. डिस्क नवी असताना फाईल ओळीने लागलेल्या कप्प्यांत बसते. पुढे जुन्या फायली पुसल्या जाऊन मधे मधे मोकळ्या जागा पडतात, त्यांत मावेल तेवढा भाग एकीकडे आणि उरलेला दुसरीकडे असे करत नव्या फाईलचे तुकडे पडतात. आपल्यासारख्या दुकानात, जिथे एकच फाईल गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्यांसह दहा वेळा जतन होते, तिथे हे फार लवकर होते.

यात वेळ किती जातो, याचा हिशेब करून पाहू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे हवा तो भाग वाचकशीर्षाखाली, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या दांड्याला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. एका उडीला हे १३ मिलिसेकंद धरा. सलग लागलेली ४० एमबीची फाईल सेकंदाला १०० एमबी या वेगाने अर्ध्या सेकंदाच्या आत वाचून होईल. तिचेच २,००० तुकडे झाले असतील तर नुसत्या उड्या मारण्यात २६ सेकंद जातील. प्रत्येक फाईलचे इतके तुकडे होत नाहीत, पण वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या ईमेलच्या किंवा हिशेबाच्या फाईलचे होऊ शकतात.

आता तारखेकडे येऊ. विंडोज ९८ च्या काळात डीफ्रॅग सहसा आपणच सुरू करावे लागे. पडद्यावर रंगीत चौकोन सरकताना पाहत बसल्याचे अनेकांना आठवत असेल. ‘महिन्यातून एकदा डीफ्रॅग’ हा सल्ला त्या दिवसांतला आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा सर्वत्र आली तेव्हापासून हे काम विंडोज स्वतःच आठवड्यातून एकदा करते. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये त्याची ठरलेली वेळ बुधवारी पहाटे एकची होती. विंडोज ८ पासून ते रोजच्या स्वयंचलित देखभालीत गेले आणि विंडोज १० मध्ये तिची मूळ वेळ पहाटे दोनची आहे. पहाटे संगणक बंद असेल तर पुढे तो चालू पण मोकळा असताना ते उरकण्याचा प्रयत्न होतो. परंतु दुकानाचा संगणक सकाळी उघडल्यापासून कामात असतो आणि रात्री शटर ओढताना भिंतीवरचे बटणच बंद होते. ज्या दुकानांत आणि कार्यालयांत मी हे पाहिले, तिथे आठवड्याचे वेळापत्रक कागदोपत्री चालू होते आणि डीफ्रॅग मात्र महिनोन्‌महिने झालेले नव्हते. आपल्याकडेही तसेच असावे, असा माझा दाट संशय आहे.

खात्री अशी करावी. स्टार्ट मेनूत ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ शोधून उघडा. प्रत्येक ड्राइव्हपुढे तो हार्ड डिस्क आहे की सॉलिड स्टेट (फिरती तबकडी नसलेला, म्हणजेच एसएसडी), शेवटची देखभाल कोणत्या तारखेला झाली आणि सद्यस्थिती काय, हे लिहिलेले असते. तारखेच्या जागी ‘नेव्हर रन’ दिसले किंवा तारीख फार जुनी असली, तर दुखणे सापडण्याची शक्यता आहे. ‘अ‍ॅनलाइझ’ दाबल्यावर किती टक्के तुकडे झाले आहेत ते कळते. ते प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबावे, त्याहून कमी असेल तर घाई नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : आठवड्याचे वेळापत्रक चालू ठेवा आणि त्याला वेळ मिळेल असे पाहा, म्हणजे दुपारी जेवायला जाताना संगणक बंद करू नका किंवा दुकानाच्या सुट्टीच्या आदल्या रात्री तो चालू ठेवा. हे जमणारे नसेल तर महिन्यातून एकदा तपासून गरजेप्रमाणे स्वतः करा. फार दिवसांनी होणाऱ्या पहिल्या खेपेला कित्येक तास लागू शकतात. पुढच्या खेपा लवकर आटोपतात. आकडा शून्यावर आला नाही तरी पुनःपुन्हा करत बसू नये. ६४ एमबीहून मोठे तुकडे विंडोज मुद्दाम जोडत नाही, कारण एवढा तुकडा वाचायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि त्यापुढे १३ मिलिसेकंदांची उडी नगण्य ठरते.

डिस्क झिजण्याबद्दल सांगायचे तर शीर्ष तबकडीला टेकत नाही, ते हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते, त्यामुळे घासून झिजण्याचा प्रश्न नाही. डीफ्रॅग करताना दांड्याला आणि मोटारीला जास्तीचे काम पडते हे खरे, पण विखुरलेल्या फायली वाचताना तेच काम रोज पडत असते. डिस्क आधीच आजारी असेल तेव्हा मात्र आपल्या दुसऱ्या सल्लागाराचे म्हणणे पाळावे. संगणकातून टक-टक असा ठेका ऐकू येत असेल, फायली वाचताना चूक दाखवली जात असेल किंवा डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खराब कप्प्यांचा आकडा वाढत असेल, तर डीफ्रॅगला हात लावू नये. आधी सगळे काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. आठ वर्षांच्या डिस्कच्या बाबतीत मी तर म्हणेन, ती ठणठणीत वाटत असली तरी पहिले काम तेच. गिऱ्हाइकांच्या वर्षानुवर्षांच्या फायली एकाच जुन्या डिस्कवर ठेवून झोप कशी लागते, हे मला खरोखर कळत नाही.

जागेचेही पाहा. तुकडे हलवायला मोकळी जागा लागते. निदान १५ टक्के जागा रिकामी असावी, हा विंडोज एक्सपीच्या वेळचा दंडक आजही पाळण्याजोगा आहे. काम चालू असताना वीज गेली तर सहसा फाईल जात नाही, कारण मजकूर नव्या जागी उतरवून झाल्यावरच जुन्या जागेची नोंद बदलली जाते. तरीही भारनियमनाची वेळ टाळावी हे बरे.

हे सगळे करूनही संगणक मंदच राहिला, तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, पाहा. ४ जीबी रॅमवर विंडोज १० आणि जोडीला ब्राउझर चालवला की रॅममध्ये न मावणारा मजकूर सतत डिस्कवर जात-येत राहतो, आणि त्यावर डीफ्रॅगचा उपाय नाही. खर्च करायची तयारी असेल तर विंडोज आणि प्रोग्रॅम छोट्या एसएसडीवर घ्यावेत आणि जुन्या कामांसाठी हार्ड डिस्क ठेवावी. त्याने जो फरक पडेल तो कोणत्याही डीफ्रॅगने पडणार नाही.

प्रश्न : मुलीच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे. तिचेही डीफ्रॅग करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण होऊन करू नये. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नाही आणि सरकणारा दांडाही नाही; मजकूर कोणत्याही कप्प्यात असला तरी तिथे पोहोचायला जवळपास सारखाच वेळ लागतो, त्यामुळे तुकडे जोडून हाती फारसे काही लागत नाही. उलट तिचे कप्पे मर्यादित वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात, त्या मर्यादेतला काही वाटा फुकट जातो. विंडोजचे आठवड्याचे वेळापत्रक मात्र बंद करू नका. ड्राइव्ह एसएसडी आहे हे ओळखून विंडोज तिथे मुख्यतः ‘ट्रिम’ करते, म्हणजे पुसलेल्या फायलींची कोणती जागा आता मोकळी आहे ते ड्राइव्हला कळवते, आणि ते तिच्या वेगासाठी हिताचे असते. बाहेरचा डीफ्रॅग प्रोग्रॅम लॅपटॉपवर असेल तर काढून टाका.

प्रश्न : हार्ड डिस्कवरचे घरच्या लग्नाचे फोटो चुकून पुसले गेले. परत मिळवण्याआधी डीफ्रॅग करून डिस्क नीट लावून घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपया करू नका. पुसलेल्या फाईलचा मजकूर डिस्कवर बहुधा तसाच पडून असतो, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदलेली असते. डीफ्रॅग करताना दुसऱ्या फायलींचे तुकडे नेमके अशाच मोकळ्या जागांत आणून ठेवले जातात, आणि एकदा त्यावर लिहिले गेले की फोटो परत येत नाहीत. हे वाचताच संगणक बंद करा, म्हणजे आठवड्याचे स्वयंचलित डीफ्रॅगही सुरू होणार नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, तिथले वेळापत्रक त्या ड्राइव्हपुरते आधी बंद करा आणि सापडलेले फोटो त्याच डिस्कवर न उतरवता वेगळ्या डिस्कवर घ्या. ते उघडून पाहून खात्री झाली की मग डीफ्रॅगचा विचार करा.